मासे खायला शिकताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या घरी मासे कधी आलेच नाहीत. आता खावेसे वाटतात, पण पहिल्याच घासाला नको होतं. या वयात आवड लागू शकते का? सुरुवात कुठून करू?

लागू शकते. फक्त आधी ‘मला मासे आवडत नाहीत’ या वाक्याची फोड करा. नेमकं काय खटकतं? वास, तोंडात लागणारा मऊपणा, काटे, ताटातलं डोकं आणि डोळे, की जुनी एखादी आठवण? प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे आणि सगळे एकदम करायला गेलं की काहीच साधत नाही. मोठेपणी मासे टाळणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारी खरं तर शिळ्या, नीट साफ न केलेल्या किंवा गरजेपेक्षा जास्त शिजवलेल्या माशाबद्दल असतात. चांगला मासा नीट शिजवून खाल्लेलाच नसतो.

वास खटकत असेल तर पांढऱ्या मांसाचा, कमी तेलाचा मासा घ्या: पापलेट, जिताडा, कॉड. बांगडा, तारली, सामन हे तेलकट मासे. त्यांचं तेल हवेशी लवकर खवट होतं, म्हणून ते थोडे नंतर. मऊपणा नको असेल तर घट्ट मांसाची सुरमई किंवा रावस. ओला बोंबील कितीही कौतुकाचा असला तरी त्यात पाणी भरपूर, मांस लिबलिबीत, त्यामुळे अशा माणसाला तो पहिला देऊ नये. बासा नवख्यांना सर्रास सुचवला जातो कारण त्याला वासही नाही आणि काटेही नाहीत. पण त्याला चवही फारशी नाही, आणि जरा जास्त शिजला की भुसभुशीत होतो. वासाला घाबरणाऱ्याने एक-दोनदा खावा, तिथेच थांबू नये. ‘काटे नाहीत’ म्हणून मुशी घेऊ नका. शार्कच्या जातीच्या माशांच्या अंगात युरिया असतो, मासा शिळा होऊ लागला की त्याचा अमोनिया होतो, आणि पहिलाच घास न्हाणीघराची आठवण करून देतो.

प्रमाण लहान ठेवा. आठवड्यातून दोनदा, दोन-तीन घास, म्हणजे 30 ग्रॅमच्या आसपास. बाकीचं जेवण नेहमीचं. भूक लागलेली असावी, पण पोट भरण्यासाठी माशावरच अवलंबून राहावं लागू नये. नवा पदार्थ स्वीकारायला लहान मुलांना साधारण 8 ते 15 वेळा तो चाखावा लागतो असं अभ्यासांत दिसलं आहे. मोठ्यांसाठी असा ठरीव आकडा सांगत नाही, पण तिसऱ्या वेळेला निकाल लावून टाकणं घाईचं होईल. एकच मासा एकाच पद्धतीने चार-पाच वेळा खा, मग एकच गोष्ट बदला: मासा तोच ठेवून कृती, किंवा कृती तीच ठेवून मासा.

नाक दाबून गिळू नका. चवीचा मोठा भाग म्हणजे घशाकडून नाकात जाणारा वासच. नाक सोडल्याबरोबर तो एकदम येतो आणि दचकायला होतं.

दिसणं आणि पोत दोन्ही नकोसे असतील तर कटलेटपासून सुरू करा. 200 ग्रॅम मासा 8 मिनिटं वाफवा, काटे काढून कुस्करा. त्यात 200 ग्रॅम उकडलेला बटाटा, बारीक चिरलेला कांदा, मिरची, कोथिंबीर, मीठ आणि एका लिंबाचा रस घाला. दोन सेंटिमीटर जाडीच्या टिक्क्या रव्यात घोळवून तळा. पुढच्या खेपेला बटाटा 100 ग्रॅमवर आणा, त्यापुढे 50. मासा कुस्करतानाही हळूहळू मोठे तुकडे राहू द्या. कटलेटमध्ये कायमचा लपवलेला मासा खायची सवय होते, मासा खायची होत नाही.

प्रश्न: मला वासच सहन होत नाही. लिंबू चोळलं, मसाला दुप्पट घातला, तरी हिंवस वास राहतोच. का?

कारण तो वास मसाल्याने झाकायचा नसतो, मूळातच कमी ठेवायचा असतो. खाऱ्या पाण्यात शरीरातलं पाणी टिकवायला समुद्री माशांच्या मांसात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं द्रव्य असतं. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि आपण ज्याला ‘माशाचा वास’ म्हणतो तो हाच. म्हणजे वास जितका जास्त, तितका वेळ आणि उष्णता त्या माशाने जास्त सोसली आहे.

म्हणून पहिलं काम खरेदीच्या वेळी. अख्ख्या माशाचे कल्ले उचलून पाहा: लालभडक किंवा गुलाबी हवेत, तपकिरी आणि चिकट नकोत. डोळे फुगीर आणि पारदर्शक, आत गेलेले किंवा दुधाळ नकोत. मांसावर बोट दाबलं तर खळगा लगेच भरून यावा. मग कल्ल्यांजवळ नाक नेऊन वास घ्या. समुद्राच्या पाण्यासारखा हलका असावा. फिले (कण्यापासून सोडवलेला मांसाचा सपाट तुकडा) घेत असाल तर मांसाच्या थरांमध्ये फटी पडल्या आहेत का, कडा पिवळ्या-तपकिरी झाल्या आहेत का, तळाशी दुधाळ पाणी साठलं आहे का, ते पाहा. गोठवलेल्या माशाबद्दल उगाच नाक मुरडू नका. पकडल्यावर लगेच गोठवलेला मासा हा दोन दिवस बर्फाविना फिरलेल्या ‘ताज्या’ माशापेक्षा केव्हाही चांगला. तो रात्रभर फ्रिजमध्ये वितळवा. गरम पाण्यात टाकलात तर बाहेरचा थर खराब होऊ लागतो आणि आत बर्फच राहतो.

दुसरं, घरी आणल्यावर. समुद्री माशांवरचे जिवाणू थंडीला सरावलेले असतात, फ्रिजच्या 5 अंशांत त्यांचं काम आरामात चालतं. 0 अंशाच्या तुलनेत तिथे मासा दुपटीहून जास्त वेगाने खराब होतो. मासा पिशवीत बंद करून बर्फाने भरलेल्या चाळणीत ठेवा, खाली भांडं. वितळलेलं पाणी त्यात उतरू द्या, मासा पाण्यात पडून राहता कामा नये. त्याच दिवशी करणार असाल तर हे सगळं बाजूला ठेवून सरळ रांधायला घ्या.

तिसरं, साफसफाई, आणि बहुतेकांची चूक इथे होते. कल्ले पूर्ण काढलेले हवेत. पोटाच्या आतल्या बाजूला काळा पातळ पापुद्रा असतो, तो बोटाने किंवा चमच्याच्या कडेने खरवडून काढा. मग कण्याच्या खालच्या अंगाला पाहा. तिथे गडद लाल रेघ दिसेल. ते माशाचं रक्ताने भरलेलं मूत्रपिंड आहे. त्यावरचा पातळ पडदा सुरीच्या टोकाने फाडा आणि थंड वाहत्या पाण्याखाली जुन्या टूथब्रशने घासा. पाणी लाल न होता स्वच्छ वाहू लागलं की झालं. सुरमई, बांगडा, ट्यूना यांत तुकडीच्या बगलेला तपकिरी मांसाची पट्टी असते. उग्र चव तिथे एकवटलेली असते, नवख्याने ती कापून टाकावी.

यानंतर लिंबू. आंबटपणाने ट्रायमिथाइलअमाइन बांधलं जातं आणि हवेत उडून नाकापर्यंत येत नाही. अर्ध्या किलोला एक मोठा चमचा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर आणि एक छोटा चमचा मीठ, 10 मिनिटं, मग धुऊन पुसून घ्या. तासभर ठेवलंत तर आम्लाने वरचं मांस पांढरं पडतं आणि शिजल्यावर पिठूळ लागतं. लिंबाऐवजी 20 मिनिटं दुधात बुडवून ठेवलं तरी वास बराच उतरतो, फक्त ते दूध टाकून द्या. एवढं करूनही अमोनियासारखा झोंबणारा वास येत असेल तर मासाच टाकून द्या. तो लिंबाने सुधारत नाही.

प्रश्न: हॉटेलात मासा रसरशीत असतो. मी केला की एक तर कोरडा चामट होतो, नाहीतर तव्याला चिकटून त्याचा भुगा होतो.

दोन्ही गोष्टींचं कारण माशाच्या मांसाच्या घडणीत आहे. माशाचे स्नायू आखूड, पातळ थरांत रचलेले असतात आणि ते थर धरून ठेवणारं कोलॅजन थोडं आणि नाजूक असतं. मटणाच्या मानाने ते फार कमी उष्णतेला विरघळतं. मटण ‘शिजलं नसेल’ म्हणून आणखी ठेवलं तर मऊ होतं, मासा ठेवला तर पाणी सोडत आक्रसतो. मटणाचा अंदाज माशाला लावला की मासा फसलाच.

जाड तुकडीची पद्धत नीट सांगतो. 2 ते 2.5 सेंटिमीटर जाडीचा, कातडीसह फिले, एक तुकडा साधारण 150 ग्रॅम. एक लिटर थंड पाण्यात 50 ग्रॅम मीठ विरघळवा आणि तुकडे त्यात 15 मिनिटं ठेवा. मीठ आत मुरतं, मांस घट्ट होतं, आणि शिजताना जो पांढरा साका बाहेर येतो तो कमी होतो. (तो साका म्हणजे गोठलेलं प्रथिन. फार आला तर आच जास्त झाली असं समजा.) बाहेर काढून कागदी रुमालाने दोन्ही बाजू खटखटीत कोरड्या करा. ही पायरी गाळू नका. ओल्या तुकडीतली उष्णता आधी पाणी उडवण्यात जाते, तोवर मांस धातूला धरून बसतं.

जड बुडाचा तवा मध्यम-मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं तापवा, दीड मोठा चमचा तेल घाला. तेल लहरू लागलं की तुकडी कातडी खाली करून ठेवा आणि उलथन्याने 10-15 सेकंद हलकेच दाबून धरा, नाहीतर कातडी आखडून तुकडी धनुष्यासारखी वाकते. आता आच मध्यम करा आणि हात आवरा. चार-पाच मिनिटं हलवू नका. बाजूने पाहिलं तर खालून वर पांढरेपणा चढताना दिसेल. तो दोन तृतीयांश उंचीपर्यंत आला आणि तुकडी उलथन्याने आपसूक सुटली की उलटा. सुटत नसेल तर ओढू नका, आणखी अर्धा मिनिट द्या. दुसऱ्या बाजूला दीड-दोन मिनिटं, गॅस बंद, ताटलीत दोन मिनिटं मुरू द्या.

झालं की नाही ते घड्याळावर सोडू नका. सगळ्यात जाड जागी जेवणाच्या काट्याचं (फोर्कचं) टोक घालून हलकेच पिळा. थर सहज सुटे व्हावेत, मध्यभागाची काचेसारखी झाक नुकतीच गेलेली असावी. कण्यासकट तुकडी असेल तर मांस कण्यापासून सुटतं का पाहा. थर्मामीटर असेल तर सुरक्षिततेसाठी मधोमध 63 अंश सेल्सिअस हा सर्वमान्य आकडा. ताटलीत एक-दोन अंश वाढतं, हे धरून उतरवा.

मसाला लावून करायचा असेल तर तो पातळ हवा. आलं-लसणाचा जाड ओला थर दिला की लसूण आधी करपतो, आतला मासा कच्चा राहतो आणि मग करपट वास माशाच्या नावावर खपतो. चार तुकड्यांना दोन मोठे चमचे रवा किंवा तांदळाचं पीठ पुरतं, आणि ते तव्यावर टाकण्याच्या क्षणीच लावायचं. आधी लावून ठेवलं तर पाणी शोषून चिखल होतो.

रश्शात मासा शेवटी. रस्सा आधी 10-12 मिनिटं उकळून, चव जुळवून घ्या. मग तुकड्या सोडा, आच मंद करा, 5 ते 7 मिनिटं. डाव घालायचा नाही, भांडं दोन्ही हातांनी धरून गोल फिरवायचं. मासे खायला शिकणाऱ्यासाठी आमच्या मते आंबट रस्सा तळणीपेक्षा बरा. चूक झाली तरी पोटात जाते.

प्रश्न: काट्यांची भीती वाटते. एक घास पाच मिनिटं चावत बसतो.

मग चव कळायची कशी! काटे कुठे असतात हे कळलं की भीती अर्धी होते. मधोमध कणा, पोटाकडे फासळ्या, आणि बऱ्याच माशांत डोक्याकडच्या अर्ध्या भागात मधल्या रेषेवर बारीक काट्यांची ओळ. शेपटीकडे फासळ्या नसतात, म्हणून सुरमई-रावसासारख्या मोठ्या समुद्री माशाचा शेपटीकडचा तुकडा मागा, त्यात बहुतांशी कणाच असतो. रोहू-कटल्याचं उलट. त्यांच्या पाठीत आणि शेपटीकडे मांसात रुतलेले इंग्रजी वाय अक्षरासारखे दुहेरी काटे असतात, पोटाकडच्या तुकड्यात मोठ्या, सहज दिसणाऱ्या फासळ्या. तिथे पोटाचाच तुकडा घ्या.

अख्खं पापलेट ताटात आलं तर मधल्या रेषेवर काटा चमचा टेकवून मांस वर आणि खाली सारा, कणा उघडा पडेल. तो शेपटीकडून उचला, खालची बाजू मोकळी. फिलेवर बोट उलटं फिरवून टोकं चाचपा आणि चिमट्याने डोक्याच्या दिशेला तिरकं ओढा. सरळ वर ओढलं तर मांस फाटतं.

काटा घशात टोचलाच तर कोरड्या भाताचा गोळा किंवा केळं गिळू नका. त्याने तो आणखी खोल रुतू शकतो. खोकून पाहा, घोटभर पाणी प्या. टोचणं थांबलं नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. थुंकी गिळता येईना, रक्त आलं किंवा श्वासाला अडथळा वाटला तर तेव्हाच जा, थांबू नका.

प्रश्न: काही वर्षांपूर्वी मासे खाल्ल्यावर उलट्या झाल्या होत्या. आता नुसत्या वासाने मळमळतं. हे मानसिक आहे का?

‘मानसिक’ म्हणजे ‘खोटं’ असं म्हणत असाल तर नाही. खाल्ल्यानंतर आजारी पडलं की मेंदू त्या चवीवर फुली मारतो. आजार काही तासांनी आला तरी आणि एकदाच आला तरी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया यांनी 1955 पासूनच्या उंदरांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं. मासा निर्दोष होता हे नंतर कळलं तरी फुली पुसली जात नाही. अशा वेळी तोच मासा, तोच मसाला टाळा. दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या चवीचा, दुसऱ्या रूपातला मासा घ्या आणि अर्ध्या घासाने सुरू करा.

पण त्याआधी हे ठरवा की तेव्हा झालं काय होतं. अंगावर गांधी, ओठ-जीभ सुजणं, धाप लागणं असं काही असेल तर ॲलर्जीची शक्यता आहे, आणि तपासणीशिवाय घरी चाखून पाहू नका. ती घडवणारं पार्व्हाल्ब्युमिन हे प्रथिन शिजवूनही टिकतं. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी मुख्यतः वेगळ्या प्रथिनाची असते, त्यामुळे एक आहे म्हणजे दुसरी असेलच असं नाही.

तिसरी शक्यता हिस्टामाइनची. बांगडा, ट्यूना, तारली असे मासे उष्णतेत पडून राहिले की जिवाणू त्यांत हिस्टामाइन तयार करतात. खाल्ल्यावर काही मिनिटांपासून तासाभरात चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, धडधडतं, उलट्या-जुलाब होतात. तोंडात कधीकधी मिरमिरल्यासारखं तिखट लागतं. शिजवल्याने हिस्टामाइन जात नाही. दिसायला हे ॲलर्जीसारखंच, पण दोष साठवणुकीचा. निदान डॉक्टरांनीच करावं.

प्रश्न: समुद्री मासे आता खातो, पण तळ्यातल्या माशाला मातीची चव लागते. ताजा असूनही.

इथे ताजेपणाचा प्रश्नच नाही. पाण्यातले काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य सोडतात, पहिल्या पावसानंतर मातीला येणाऱ्या वासातलं तेच. ते माशाच्या कातडीत आणि चरबीत साठतं. कातडी, पोटाची चरबी आणि बगलेची तपकिरी पट्टी काढा, आणि आंबट रश्शात करा, आम्लाने जिओस्मिन मोडतं. नुसता वाफवलेला किंवा फिका तळलेला मासा या बाबतीत निराशा करणार.

प्रश्न: मासे केले की दोन दिवस घराला वास. घरचे वैतागतात.

तळणीचे तेलकट कण पडद्यांवर बसतात, तो हा वास. खिडकी आधी उघडा, नंतर नाही. शिकण्याच्या काळात वाफवणं किंवा रस्सा हेच ठेवा. भांडी आणि पाट आधी थंड पाण्याने धुवा, गरम पाण्याने प्रथिन जागच्या जागी गोठतं. मग साबण, शेवटी व्हिनेगरचं पाणी. कल्ले-आतडी पिशवीत बांधून त्याच वेळी बाहेर. आणि उरलेला मासा मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. शिजवलेल्या माशाचं तेल फ्रिजमध्येही खवट होत राहतं, पुन्हा तापवलं की सगळ्या घराला कळतं. थंडच कुस्करून लिंबू-कांद्याबरोबर खा.

प्रश्न: एवढा खटाटोप करण्यापेक्षा माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घेतल्या तर?

कॅप्सूलमध्ये ओमेगा-3 मिळेल, 100 ग्रॅम माशातलं 20 ग्रॅमच्या आसपास प्रथिन मिळणार नाही. आठवड्यातून दोनदा मासे खावेत असा सल्ला अमेरिकन हार्ट असोसिएशन देते. मासे खायचेच नसतील तर न खाताही चांगला आहार होतो, स्वतःवर जुलूम नको. गर्भवतींनी आणि लहान मुलांनी मुशी, तलवार मासा असे मोठे शिकारी मासे टाळावेत, त्यांत पारा साठलेला असतो.

प्रश्न: मित्र म्हणतात थेट सुशी खा, कच्च्या माशाला वास नसतो.

वासाबद्दल त्यांचं खरं आहे, अगदी ताज्या माशाला वास जवळजवळ नसतो. पण कच्च्या माशातल्या परजीवी कृमींचं काय? ते मारायला मासा उणे 20 अंशांवर 7 दिवस किंवा उणे 35 ला गोठवून त्याच तापमानात 15 तास ठेवावा लागतो. घरचा फ्रीझर साधारण उणे 18 ला असतो आणि दार उघडलं की वर चढतो, त्यामुळे घरी हा प्रयोग करू नका. बाहेर खायचाच तर मासा आधी गोठवलेला होता का, हे विचारा. आणि पहिल्या खेपेला सुशीच्या ताटातला शिजवलेला तुकडा उचला. कच्च्या मांसाचा मऊपणा नवख्या जिभेला वासापेक्षा जड जातो.